शनिवारी बंद

चूक माझीच. ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे ब्रनोला होतो, मधला शनिवार-रविवार मोकळा मिळाला आणि प्राग रेल्वेने अडीच तासांवर. शुक्रवारी रात्री पोचायचं, शनिवारी सकाळी योसेफोव्ह म्हणजे जुना ज्यू मोहल्ला, रविवारी किल्ला आणि चार्ल्स पूल, संध्याकाळी परत. कागदावर सुरेख बेत होता.

शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला स्टारोमेस्तस्का मेट्रो स्टेशनातून वर आलो. नोव्हेंबरचा गारठा, व्लतावा नदीवरून येणारा वारा थेट कानात. पाच मिनिटं चालून तिकीट खिडकीपाशी गेलो तर ती बंद. पिंकास सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, दार बंद. कब्रस्तानाचं फाटकही बंद. मला वाटलं, लवकर आलो. एक कोरियन जोडपं माझ्यासारखंच फोनमध्ये बघत उभं होतं, त्यांना पाहून धीर आला. म्हटलं, आजींना विचारू. व्हॉट्सॲपवर फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मेसेज टाकला, ‘आजी, प्रागला आलोय, सगळं बंद कसं?’ एकच टिक.

त्या एका टिककडे बघताना डोक्यात प्रकाश पडला. आजी फोन उचलणारच नव्हत्या. शनिवार होता.

आता मी कोण तर ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या वाड्यात वाढलेला माणूस. आमच्या भिंतीला भिंत लागून आजींचं बिऱ्हाड. बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंब, आडनाव रायगडातल्या एका गावावरून, शेवटी ‘कर’. दाराच्या चौकटीला तिरका लावलेला मेझुझा, म्हणजे धर्मग्रंथातलं वचन ठेवलेली छोटी डबी, स्वयंपाकघरात नारळाचं दूध घालून केलेलं मटण, रोश हशानाला, त्यांच्या नववर्षाला, ताटलीभर चिकाचा हलवा आमच्या घरी. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्यांच्याकडे तेलाचा दिवा लागायचा आणि शनिवारभर चूल पेटायची नाही. शनिवार म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. शनिवारी दुपारी आजींची हाक यायची, “बाळा, येऊन जरा पंखा लाव रे.” लावायचो. बदल्यात रविवारी करंजी मिळायची. कोकणात या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. धंदा तेलघाणीचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून. ज्यांची जातच शनिवारच्या सुट्टीवरून ओळखली गेली त्यांच्या शेजारी अठरा वर्षं काढून मी ज्यू मोहल्ला बघायला शनिवारी गेलो!

आजी आता इस्राएलमध्ये अश्दोदला मुलाकडे असतात. प्रागला जाणार म्हटल्यावर त्यांनी एकच काम सांगितलं होतं. तिथल्या उलट्या घड्याळाचा फोटो पाठव.

तर शनिवारचं काय करायचं? परत फिरणार होतो, इतक्यात मायसेलोव्हा गल्लीतून काळे कोट घातलेली पाच-सहा माणसं आली. एक म्हातारा, त्याचा हात धरलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा, मागे तावातावाने बोलत येणारे दोघं. सगळे जुन्या-नव्या सिनेगॉगकडे वळले. दारावरच्या सुरक्षारक्षकाने मला विचारलं, प्रार्थनेला आलात का. नाही म्हटलं, त्याने मान हलवली, मी बाजूला झालो. दार उघडलं तेव्हा आतून सूर ऐकू आला, बंद झालं तेव्हा तुटला. रस्त्यापलीकडे पंधरा मिनिटं उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून तिथली बघायला खुली असलेली प्रत्येक वास्तू पाहिली, पण या गल्ल्यांतले आजचे ज्यू दिसले ते त्या बंद शनिवारीच.

उरलेला वेळ नुसता हिंडलो. इथे आधीच सांगून ठेवतो, ‘जुना मोहल्ला’ ऐकून अरुंद बोळ, खांद्याला खांदा लावून उभी घरं असं डोळ्यांसमोर आणलं असेल तर निराशा होईल. ती घरं १८९३च्या कायद्याने गेली. शहर सुधारणा, स्वच्छता, रोगराई असं कारण देऊन जवळपास अख्खा मोहल्ला पाडला. ठाणेकराला समजावून सांगायला नको, पुनर्विकास. त्याआधीच ज्यूंना शहरात कुठेही राहायची मोकळीक मिळाली होती, पैसेवाले बाहेर पडले होते, मागे गरीब उरले होते, त्यात ज्यू नसलेलेही पुष्कळ. त्यांना कोण विचारतो! मोहल्ल्याच्या छातीवरून पारिझ्स्का नावाचा रुंद रस्ता काढला, दुतर्फा नक्षीदार उंच इमारती उठल्या. आज तिथे जगातल्या महागड्या पर्सा आणि घड्याळांची दुकानं आहेत. एका काचेतली पर्स मी निरखली, किंमत लावलेलीच नव्हती. उरलं ते इतकंच : सहा सिनेगॉग, ज्यू नगरभवन, कब्रस्तान आणि त्याच्या कडेचं अंत्यविधीचं सभागृह. ‘योसेफोव्ह’ हे नावही १८५०चं, सम्राट दुसऱ्या योसेफच्या स्मरणार्थ. ज्यूंवरची बरीच बंधनं सैल करणारं फर्मान त्याने काढलं होतं. त्याच्याच आईने, मारिया थेरेसाने, त्यांना १७४४-४५मध्ये प्रागबाहेर हाकललं होतं. दोन-तीन वर्षांत परत येऊ दिलं, अर्थात कर भरायच्या बोलीवर.

रविवारी सकाळी नवाला पुन्हा हजर. किल्ला आणि पूल गेले खड्ड्यात. एकत्रित तिकीट काढलं, त्यात बघायला खुल्या असलेल्या वास्तू येतात, ते जवळच ठेवायचं कारण प्रत्येक दाराशी पुन्हा दाखवावं लागतं. हिवाळ्यात साडेचारलाच बंद होतं, तेव्हा सकाळी आलेलं बरं. गर्दीही अकरानंतर वाढते.

पिंकासच्या दारात पुरुषांना कागदी टोपी देतात. आपण देवळात चपला काढतो, इथे जोडे पायात आणि डोकं झाकायचं. टोपी हलकी, माझं टक्कल गुळगुळीत, ती दोनदा घसरली. तिसऱ्यांदा हाताने धरूनच आत गेलो.

आणि आत भिंती आहेत. सामान नाही, चित्रं नाहीत, नुसत्या भिंती. लांबून करड्या-तांबूस नक्षीचा कागद चिकटवल्यासारख्या दिसतात. जवळ गेल्यावर कळतं, ती अक्षरं आहेत. बोहेमिया आणि मोराव्हिया या आजच्या चेक देशातल्या भागांतून नाझींनी नेऊन मारलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं, हाताने लिहिलेली. आडनाव लाल अक्षरात, मग काळ्यात नाव, जन्मतारीख आणि दुसरी एक तारीख. ती दुसरी बहुतेकांच्या बाबतीत मृत्यूची नाही. माणूस जिवंत असल्याची शेवटची नोंद ज्या दिवसाची, तो दिवस. म्हणजे छावणीकडे जाणाऱ्या गाडीत घातलं तो. नावं गावागावाने लावली आहेत, गावात आडनावाने, आणि एक आडनाव संपेपर्यंत ते पुन्हा लिहिलेलं नाही. त्यामुळे एका लाल शब्दामागे कधी तीन काळी नावं येतात, कधी पंधरा. जन्मतारखांवरून आजी, आई, नातू ओळखू येतात. शेवटची तारीख पुष्कळदा एकच.

कमरेच्या खालपासून माझ्या डोक्याच्या कितीतरी वरपर्यंत ओळी गेल्या आहेत. दोन ओळींत बोट मावणार नाही. अक्षर इतकं एकसारखं की आधी छापल्यासारखं वाटतं. मग एका ठिकाणी दिसलं, ओळीच्या शेवटी जागा कमी पडल्यामुळे लिहिणाऱ्याने अक्षरं थोडी दाटून बसवली होती. शाळेत फळ्यावर सुविचार लिहिताना आपण करतो तसं.

ही नावं दोनदा लिहावी लागली. व्हाट्सलाव बोश्टिक आणि यिर्झी योन या दोन चित्रकारांच्या कल्पनेतून १९५४ ते १९५९ या काळात ती पहिल्यांदा लिहिली गेली. १९६८मध्ये ओल आली म्हणून वास्तू बंद केली आणि ती वीस वर्षांहून जास्त काळ बंदच राहिली. तोपर्यंत नावं गेली होती. कम्युनिस्ट राजवट पडल्यावर १९९२ ते १९९६ पुन्हा सगळी लिहून काढली. २००२च्या महापुरात नदी आत शिरली, तेव्हा खालच्या भागाची परत डागडुजी. ओल कुणाला चुकलेली नाही, पण भिंतीची ओल काढायला वीस वर्षं लागतात यावर माझा सरकारी इमारतींत वावरलेला मेंदूसुद्धा विश्वास ठेवायला तयार नव्हता.

मला तिथे एक नाव शोधायचं होतं. आकाशवाणीची सकाळची ती संकेतधून आठवते? तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिन. आमच्या वाड्यात ती एकाच वेळी चार घरांतून यायची आणि आजींच्या रेडिओवर किंचित उशिरा वाजते असा माझा ठाम समज होता. त्या धूनचं श्रेय दिलं जातं वॉल्टर कॉफमनला. जन्म कार्ल्सबादचा, शिक्षण बर्लिन आणि प्रागला, ज्यू. १९३४मध्ये युरोपात दिवस फिरायला लागल्यावर तो मुंबईला आला आणि १९३७ ते १९४६ आकाशवाणीत होता. त्याची बायको गेर्टी ही प्रागच्या लेखक फ्रान्झ काफ्काची भाची, काफ्काच्या थोरल्या बहिणीची, एलीची मुलगी. काफ्का स्वतः १९२४मध्ये क्षयाने गेला. त्याच्या तिन्ही बहिणी मात्र नाझींच्या तावडीत सापडल्या. एलीला १९४१च्या ऑक्टोबरात प्रागहून पोलंडमधल्या लॉड्झच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीत, नेलं. म्हणजे इकडे मुंबई केंद्रावरून ती धून रोज सकाळी वाजत होती, आणि ती करणाऱ्याची सासू त्या गाडीत होती.

एलीचं सासरचं आडनाव हेर्मान. प्रागची नावं मुख्य दालनात आहेत. H शोधला. हेर्मान सापडले, एक आर आणि दोन आर, एक एन आणि दोन एन, ओळीच्या ओळी. ते माझ्या उंचीच्या वर सुरू होत होते. मान मागे टाकून, एक हात टोपीवर ठेवून वाचत गेलो. एली हे घरचं नाव, भिंतीवर गाब्रिएला, जन्म १८८९ असं हवं होतं. मध्येच ओळ सुटायची, पुन्हा पहिल्यापासून. मागून शाळेची सहल आली, मुलं एकदम गप्प झाली, मग एक मुलगी हळू आवाजात स्वतःचंच आडनाव भिंतीवर आहे का बघायला लागली. वीस मिनिटांनी माझी मान धरली. नाव मिळालं नाही. असणार तिथेच कुठेतरी.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं आहेत. प्रागपासून साठेक किलोमीटरवर तेरेझिनला नाझींनी घेटो केला होता. तिथे फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार मुलांना चित्रं काढायला शिकवायची. १९४४च्या ऑक्टोबरात तिला आउशविट्झच्या मृत्युछावणीत नेलं, तिथे ती मारली गेली. जायच्या आधी तिने साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सूटकेसमध्ये भरून ठेवली होती. ती वाचली. फुलपाखरं, घर, जेवणाचं टेबल, रांगेतले पलंग. मला दोन मुलं आहेत, मी तिथे फार थांबलो नाही.

बाहेर पडलं की थेट कब्रस्तान. पंधराव्या शतकापासून १७८७पर्यंत इथे दफनं झाली. जागा वाढवून मिळेना, आणि पुरलेल्या माणसाला हलवायचं नाही हा धर्म. मग वर माती टाकायची, खालचे दगड उचलून वर आणायचे, नव्यांना शेजारी उभं करायचं. काही ठिकाणी असे बारा थर आहेत म्हणतात. त्यामुळे दगड सुमारे १२,००० आणि माणसं त्याहून कितीतरी जास्त. जमीन बाहेरच्या रस्त्यापेक्षा पुरुषभर उंच झाली आहे, भिंतीने धरून ठेवल्यासारखी. दगड कसे उभे आहेत ते मुंबईकराला एका वाक्यात सांगता येईल, सकाळच्या जलद लोकलच्या दारात उभे असतात तसे. एकाचा खांदा दुसऱ्याच्या पाठीत, तिसरा दोघांच्या आधाराने तिरका, पडायला जागाच नाही.

दगडांवरची चित्रं बघण्यात माझा पाऊण तास गेला. आशीर्वादाला पसरलेले दोन पंजे म्हणजे पुरोहित घराणं, पाण्याची झारी म्हणजे लेवी, पुरोहितांचे मदतनीस. शिंप्याच्या दगडावर कात्री. आडनावांचीही चित्रं. दाविद गान्स हा इतिहासकार आणि खगोलज्ञ १६१३मध्ये गेला. ‘गान्स’ म्हणजे गूज, बदकाहून मोठा हंसासारखा पक्षी, म्हणून त्याच्या दगडावर तो कोरलाय. सगळ्यात जुना दगड १४३९चा, आविग्दोर कारा यांचा. १३८९मध्ये ईस्टरच्या दिवसांत या मोहल्ल्यात कत्तल झाली होती, कारांनी त्यावर शोकगीत रचलं आणि प्रागमध्ये ते योम किपूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणायची प्रथा पडली. मूळ दगड आत सुरक्षित ठेवलाय, बाहेर आहे ती प्रतिकृती.

गर्दी सगळी रब्बी लव्ह यांच्या कबरीपाशी. १६०९मध्ये वारले, मोठे विद्वान, पण जगाला ते माहीत आहेत गोलेममुळे. नदीच्या चिखलाचा माणूस केला, त्याच्या तोंडात देवाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवली की तो चालू लागे, अशी ती गोष्ट. कबरीच्या फटीफटीत लोकांनी नवसाच्या चिठ्ठ्या कोंबल्या होत्या, वर खडे ठेवले होते. ज्यू लोक कबरीवर फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. मीही वाटेवरचा एक खडा उचलून ठेवला. नवस काही बोललो नाही, मराठी कळेल की नाही अशी शंका आली.

जुनं-नवं सिनेगॉग साधारण १२७०चं. युरोपात आजही रोजच्या प्रार्थनेत असलेलं सर्वांत जुनं. बांधलं तेव्हा ते ‘नवं’ होतं, मग आणखी नवी उठली तेव्हा ‘जुनं-नवं’ झालं. पुणेकरांना यात नवल वाटणार नाही, १९२३चा पूल तिथे अजून ‘नवा पूल’च आहे. रस्त्यावरून पायऱ्या उतरून आत जायचं. काळवंडलेला दगड, दोन खांब, मध्ये लोखंडी जाळीचा चौथरा, त्यावर ज्यूंचं निशाण. बायका बाजूच्या दालनात बसायच्या आणि भिंतीतल्या वीतभर फटींतून आतली प्रार्थना ऐकायच्या. त्या फटीला डोळा लावून पाहिला, समोरचा अर्धा खांब दिसला.

गोलेमचे अवशेष या सिनेगॉगच्या माळ्यावर आहेत अशी दंतकथा. माळ्यावर जायला बाहेरच्या भिंतीत लोखंडी पायऱ्या आहेत, पण त्या सुरूच होतात डोक्याच्या वरून. मला आवडला तो गोष्टीचा दुसरा भाग. रब्बी दर शुक्रवारी संध्याकाळी गोलेमच्या तोंडातली चिठ्ठी काढून घेत, कारण शब्बाथला त्यालाही सुट्टी. एका शुक्रवारी विसरले, गोलेम पिसाळला, मोडतोड करत सुटला. रब्बी प्रार्थनेत होते, ती थांबवून धावत गेले आणि चिठ्ठी काढून आले, मग स्तोत्र पुन्हा म्हटलं. त्या सिनेगॉगमध्ये ९२वं स्तोत्र शुक्रवारी दोनदा म्हणतात ते त्यामुळे, असं सांगतात. मातीच्या पुतळ्यालाही जे कळत होतं ते ठाण्याच्या इंजिनिअरला कळलं नव्हतं.

मायसेल सिनेगॉग मी भराभर पाहिलं. काचेच्या कपाटांतली चांदी पाहताना मात्र एक लक्षात ठेवावं. इथलं ज्यू संग्रहालय १९०६मध्ये काढलं ते पाडलेल्या सिनेगॉगांतल्या वस्तू वाचवायला. पुढे नाझींच्या काळात बोहेमिया-मोराव्हियातल्या दीडशेहून अधिक गावांच्या ज्यू समाजांच्या पूजेच्या वस्तू इथे येऊन पडल्या. माणसं तिकडे, वस्तू इकडे. त्या वस्तूंच्या याद्या करायलाही ज्यूच बसवले होते, आणि पुढे त्यांतल्या बहुतेकांनाही गाडीत घातलं.

शेवटी स्पॅनिश सिनेगॉग, १८६८चं. आत पाऊल टाकलं की सोनं, हिरवं, लाल, एक बोटभर भिंत कोरी नाही. अजिबात आवडलं नाही. सकाळी पिंकासच्या भिंती पाहिल्यावर तो नक्षीचा हैदोस सहन होईना. ज्यांनी आधी हे पाहिलं त्यांना बहुधा आवडत असेल. पण एक गोष्ट मजेची. याच जागी आधी जे सिनेगॉग होतं तिथे १८३६ ते १८४५ ऑर्गन वाजवायला फ्रान्टिशेक श्क्रोप होता, आणि चेक राष्ट्रगीताची चाल त्याची. रोज वाजणाऱ्या धून कुठून कुठे जातात!

परतताना नगरभवनासमोर थांबलो. वरच्या मनोऱ्यावर रोमन आकड्यांचं नेहमीचं घड्याळ, खाली छपराच्या तोंडाशी हिब्रू अक्षरांचं. हिब्रू उजवीकडून डावीकडे, म्हणून आकडे तसेच मांडलेले आणि काटेही तसेच, उलटे फिरणारे. उन्हाची शेवटची तिरीप त्यावर होती. फक्त तेवढंच घड्याळ येईल असा फोटो काढला आणि अश्दोदला धाडला. या वेळी दोन निळ्या टिका लगेच. मागोमाग फोन.

“काल काय रे दहा वेळा फोन करत होतास? शनिवार ना!”

“चुकलो, आजी. घड्याळ बघितलंत का? सांगा बरं, किती वाजलेत? मला तर आठ वाजून वीस मिनिटं दिसतायत.”

त्यांनी चष्मा शोधल्याचा आवाज आला. मग क्षणभरच शांतता.

“तीन चाळीस. आणि तू अजून जेवला नाहीस का?”